तलवार न चालवणारे नायक : चिनी वूशिया सिनेमातलं देखणेपण आणि शौर्य

शर्वरी_न

झांग यिमूच्या 'हीरो'मध्ये (२००२) तळ्यावरची एक लढत आहे. दोन तलवारबाज पाण्याच्या पृष्ठभागावर लढताहेत, मध्ये छोटा मंडप, मंडपात एका स्त्रीचं कलेवर ठेवलेलं. लढता लढता पाण्याचा एक थेंब उडतो आणि तिच्या गालावर पडतो. टोनी ल्युंगने केलेला 'ब्रोकन स्वोर्ड' लढत तशीच सोडून तिच्याकडे जातो आणि थेंब पुसतो. त्याची पाठ उघडी आहे. समोर लढणारा जेट ली वार करू शकतो. करत नाही.

मला हा प्रसंग म्हणजे अख्ख्या वूशिया परंपरेचा गाभा वाटतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : वूशिया म्हणजे भटक्या तलवारबाजांच्या कथा. दरबार आणि कायदा यांच्याबाहेर, आपापली वचनं, गुरू-शिष्य नाती आणि सूड सांभाळत जगणारी माणसं. त्यांच्या त्या जगाला ज्यांगहू म्हणतात.

माझं म्हणणं असं की या सिनेमांत देखणेपण वरून चिकटवलेलं नसतं. वाऱ्याने हलणारा पडदा, पाण्यावरची सावली, हवेत लांबत जाणारा क्षण, हे सगळं आपल्याला नायकाच्या मनातला निर्णय बघायला वेळ देतं. हात उचलणं आणि हात आवरणं यांच्यामध्ये जी फट असते ती एरवीच्या मारामारीत दिसतच नाही. इथे ती दिसते आणि शौर्य तिथेच राहतं.

पण घरात यावर एकमत नाही. माझ्या भावाचं मत, इतकं सुंदर केलं की मरण खोटं वाटतं आणि शूरपणाही. तुम्हाला काय वाटतं? कोणते सिनेमे, कोणते प्रसंग?

टेकडीवरचा

तुमच्या भावाच्या बाजूने पहिलं मत माझं.

'हीरो' मी मोठ्या पडद्यावर पाहिलाय. पिवळ्या पानांच्या रानात लाल झग्यातल्या दोघी लढतात, एक मरते आणि सगळं रान लाल होतं. अप्रतिम. पण ती मुलगी मेली याचं मला काहीच वाटलं नाही. मी रंग बघत होतो. जिथे प्रेक्षक मरणाऱ्याला विसरून पानं बघतो तिथे दिग्दर्शकाने काहीतरी गमावलंय.

त्यापेक्षा हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) घ्या. दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग स्वतः हुंग गार या कुंगफू परंपरेतला, पडद्याबाहेरही खरा जाणकार. निम्मा सिनेमा नुसतं शिकणं आहे. गॉर्डन ल्यू दंडांना आतून पाती बांधून पाण्याच्या बादल्या वाहतो. हात खाली आले की पातं बरगडीत. कॅमेरा लांब उभा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत. काही लपवलेलं नाही. तिथे सौंदर्य घामात आहे, आणि शौर्य म्हणजे उद्या सकाळी पुन्हा बादल्या उचलणं.

कथकवेडी

शर्वरी, थेंबाच्या प्रसंगाबद्दल अगदी सहमत. त्यात भर म्हणजे तो प्रसंग कथेत 'खरा' घडतच नाही. सिनेमात जेट लीचा नायक राजाला एक गोष्ट सांगतो आणि तिच्या प्रत्येक रूपाला वेगळा रंग आहे; थेंबाचा हा निळा भाग राजाचा अंदाज आहे. लाल भाग जेट लीने रचून सांगितलेली गोष्ट, निळा राजाने केलेली कल्पना, पांढरा खरं घडलेलं, आणि हिरवा त्या खऱ्या गोष्टीतली जुनी आठवण. म्हणजे टेकडीवरचा यांना पिवळ्या रानात मरण खोटं वाटलं, तर ते खोटंच आहे! तो लाल भाग आहे, थाप आहे. दिग्दर्शकाने ती थाप सगळ्यात भडक रंगात रंगवलीय. पांढऱ्या भागात, वाळवंटात, मॅगी च्युंगची (मंडपात दिसलेली तीच स्त्री) तलवार टोनी ल्युंगच्या छातीत जाते तेव्हा रंग जवळपास नाहीतच, आणि तिथे मला श्वास घेता आला नव्हता.

वेशभूषा एमी वादा यांची आहे. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'रान'साठी ऑस्कर मिळालेल्या त्याच.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे असे पिक्चर लागले का माह्या मामाचा एकच सवाल रायते : "इतकं उडता येते तं घोडे कायले पोसता बे?"

आजीचा_नातू

हाहा, मामांना साष्टांग! या प्रश्नाला उत्तर नाही.

दूरदेशी

आहे की उत्तर! वूशिया कादंबऱ्यांत अंग हलकं करण्याची विद्या असते. ती श्वासावर, वर्षानुवर्षांच्या सरावावर कमवायची. ती दमवते. भिंत चढायला, कौलांवरून पळायला, पाण्यावरून चार पावलं टाकायला पुरते, पेइचिंगहून वाळवंटापर्यंत जायला नाही. तिथे घोडाच लागतो. मामांना सांगा.

मी काही वर्षं तैपेईत राहिले. तिथल्या सहकाऱ्यांना चिन योंगच्या कादंबऱ्यांतली कोणती विद्या कोणत्या घराण्याची हे तोंडपाठ असायचं. त्यांना उडणं 'खोटं' वाटत नाही, कारण ते उडणं म्हणजे त्या माणसाने किती कमावलंय त्याचं मोजमाप आहे. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये (२०००) बांबूच्या शेंड्यांवर चाऊ युन-फॅट जवळजवळ स्थिर उभा राहतो आणि झांग झियी सारखी हेलकावे खाते. दोघांच्या आतल्या अवस्थेतला फरक एका फांदीच्या वाकण्यातून कळतो. संवादाची गरजच नाही.

फ्रेममास्तर

बांबूच्या रानाचा विषय निघालाच आहे तर मूळ गंगोत्रीकडे जाऊ या. दिग्दर्शक किंग हू.

पेइचिंगमध्ये जन्मलेला हा माणूस १९४९ मध्ये हाँगकाँगला आला. शॉ ब्रदर्ससाठी 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) केला, मग तैवानला जाऊन 'ड्रॅगन इन' (१९६७) आणि त्यानंतर 'अ टच ऑफ झेन' (१९७१). हा शेवटचा तीन तासांचा आहे आणि पहिली खरी लढत यायला जवळजवळ तासभर लागतो. १९७५ साली फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात याला तांत्रिक कामगिरीचं मोठं पारितोषिक मिळालं.

आता मजा बघा. किंग हूकडे संगणक नव्हता. त्याचा लढतींचा दिग्दर्शक हान यिंगजिए पेइचिंग ऑपेरातून आलेला. उड्या मारायला ट्रॅम्पोलिन. पण खरी करामत संपादनात आहे. 'अ टच ऑफ झेन'मधल्या बांबूच्या रानातल्या लढतीत नायिका शेंड्यावरून खाली सूर मारते तेव्हा तिचं झेपावणं तुकड्यातुकड्यांत कापलंय. काही तुकडे इतके छोटे की डोळ्याला पूर्ण पकडता येत नाहीत. तुम्हाला फक्त झलक मिळते : बाही, पातं, उन्हाची तिरीप, पडलेला माणूस. म्हणजे ती इतकी वेगवान आहे की सिनेमाच तिला गाठू शकत नाही. नायिकेचं श्रेष्ठत्व दाखवायला याहून प्रामाणिक युक्ती मला माहीत नाही. संथ गतीत सगळं दाखवणं हे त्याच्या अगदी उलट टोक, आणि आजकाल सगळे तेच करतात म्हणून माझी चिडचिड होते.

टेकडीवरचा, तुमच्या लाउ कार-ल्युंगबद्दल मला आदर आहेच. पण 'काही लपवलेलं नाही' हा एक मार्ग. किंग हू लपवतो आणि त्यातून आश्चर्य निर्माण करतो. दोन्ही मार्ग शरीराचा मान राखतात.

कथकवेडी

फ्रेममास्तर, ऑपेरावरून आठवलं. 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये सरायतली लढत सुरू होण्याआधी बराच वेळ काहीच होत नाही. चंग पेई-पेई बसलेली, भोवती टोळीतले लोक, एकमेकांना जोखणं. मग ऑपेरातल्या तालवाद्यांवर दोनचार हालचाली, आणि एकदम थांबणं. ते थांबणं बघताना मला तिहाई घेऊन समेवर येणं आठवतं : जोर आधीच्या गिरक्यांत असतो, पण डौल कळतो तो थांबल्यावर. चंग पेई-पेई मुळात नृत्य शिकलेली होती आणि ते तिच्या पाठीच्या कण्यात दिसतं.

'क्राउचिंग टायगर'मधली म्हातारी खलनायिका जेड फॉक्स म्हणजे हीच चंग पेई-पेई. जिच्यापासून पडद्यावरची तलवारधारी नायिका खऱ्या अर्थाने सुरू झाली, तिलाच दिग्दर्शक आंग लीने गुरूकडून विद्या नाकारली गेलेल्या, विखारी झालेल्या बाईची भूमिका दिली. ती व्यक्तिरेखा मला फार लागते. तिने ग्रंथ चोरला, पण तिला अक्षरं वाचता येत नव्हती. ज्यांगहूत बाईला मान आहे असं आपण म्हणतो, तो किती जणींना मिळाला?

अनुस्वार

हा मुद्दा पुढे नेते. साठच्या दशकाच्या शेवटी हाँगकाँगमध्ये दिग्दर्शक चांग चेहने पुरुषी नायकांची लाट आणली. 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९६७) तुफान चालला. त्याचे नायक पांढऱ्या कपड्यांत, छातीला जखमा, शेवटी उभ्याने मरणारे. आणि 'कम ड्रिंक विथ मी'मधल्या गोल्डन स्वॅलोचं पात्र घेऊन त्याने १९६८ साली तिच्याच नावाचा सिनेमा केला, तर त्यातही केंद्रस्थान नायक जिमी वांग यूकडे गेलं. चंग पेई-पेईच्या पात्राच्या नावाचा सिनेमा, आणि ती त्यात बाजूला.

म्हणून मला किंग हूच्या बायका जास्त जवळच्या. 'अ टच ऑफ झेन'मधली श्यू फंग हसत नाही, लाजत नाही, कोणाची परवानगी मागत नाही. त्या गरीब चित्रकाराला मूल हवं म्हणून मूल देते आणि आपल्या वाटेने मठात निघून जाते. पन्नास वर्षांपूर्वी! हीच श्यू फंग पुढे निर्माती झाली आणि तिच्या 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ने १९९३ साली कानचं सर्वोच्च पारितोषिक विभागून घेतलं.

मर्दानी_कोल्हापूर

धागा लय भारी चाललाय. मी तलवारीच्या बाजूनं बोलतो, सिनेमातलं मला कमी कळतं.

आमच्याकडं मर्दानी खेळात दांडपट्टा असतो. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत झाकते, मनगट आत बंद. म्हणजे पट्टा फिरतो तो खांद्यातनं, कमरेतनं आणि पायांतनं. खेळणारा गोल फिरत राहतो, चारी अंगांनी घेरला गेला तरी जवळ कुणी येऊ शकत नाही. चिनी सरळ दुधारी तलवार, ज्यान म्हणतात ती, बरोब्बर उलट. सगळा खेळ मनगटाचा आणि टोकाचा. त्यांचीच एकधारी वाकडी तलवार, दाओ, ती कापायची, सैनिकाची. सिनेमात कुठल्या पात्राच्या हातात काय दिलंय ते बघा. विद्वान, गुरू, खानदानी माणूस म्हटलं की ज्यान. शिपाई, दरोडेखोर म्हटलं की बहुतेक वेळा दाओ.

त्या 'क्राउचिंग टायगर'मध्ये अंगणातली लढत आहे, मिशेल योह एकामागून एक हत्यार घेती आणि ती पोरगी, झांग झियी, आपल्या तलवारीनं एकेक तोडत जाती. ती लढत मी वस्तादांना दाखवली. वस्ताद म्हणाले, "ह्या बाईला हत्यार कळतंय. पोरीकडं फक्त तलवार चांगली आहे." मिशेल योहचं पात्र तेच तर बोलतंय तिथं. वस्तादांना भाषा कळली नव्हती, नुसतं बघून कळलं.

तर शर्वरीताई, देखणं केल्यानं शौर्य पातळ होतंय का? हत्यार नीट चालवलं की ते देखणंच दिसतंय. जिथं वाईट दिसतंय तिथं बहुधा चुकीचं चाललेलं असतंय.

शर्वरी_न

@मर्दानी_कोल्हापूर, वस्तादांचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. ती लढत मिशेल योहने कशी केली असेल याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. या सिनेमाच्या चित्रीकरणात तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता आणि शस्त्रक्रिया करून ती परत आली. तीही मूळची बॅले शिकलेली.

आजीचा_नातू

अवांतर : 'क्रिश'ची (२००६) उड्डाणं बसवणारा टोनी चिंग स्यू-तुंग म्हणजे 'हीरो'चाच अॅक्शन दिग्दर्शक. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं काम नाव न कळता पाहिलंय. त्याचा स्वतःचा 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' (१९८७) मिळाला तर जरूर बघा. झाडांमधून वाहणारे रेशमी पट्टे आणि भुताशी प्रेम.

इतिहासाचे_पान

उशिरा आलो, पण एक आक्षेप नोंदवतो आणि तो गंभीर आहे.

'हीरो' ज्या गोष्टीवर उभा आहे ती चिंग खच्या हल्ल्याची. इसवी सनपूर्व २२७. यान राज्याच्या राजपुत्राने चिन नावाच्या शेजारच्या राज्याच्या राजाला मारायला चिंग खला पाठवलं. सोबत एका फितूर सेनापतीचं मस्तक आणि नकाशा. नकाशाच्या गुंडाळीत खंजीर. यी नदीच्या काठी पांढऱ्या कपड्यांत लोक निरोपाला आले, मित्राने वाद्य वाजवलं, त्याने गायलं की वारा घोंगावतोय, नदी गार आहे, वीर गेला तो परत येणार नाही. हल्ला फसला, चिंग ख मारला गेला. सहा वर्षांनी, इसवी सनपूर्व २२१ मध्ये, त्याच राजाने सगळी राज्यं जिंकून साम्राज्य उभं केलं.

इतिहासकार सीमा छियानने हे सगळं मारेकऱ्यांवरच्या प्रकरणात लिहिलं. फसलेला माणूस, पण दोन हजार वर्षं चीन त्याचं गाणं विसरला नाही. कारण त्याने बलाढ्य सत्तेसमोर हात उगारला. आता 'हीरो' काय करतो? त्याचा नायक राजाच्या दहा पावलांवर पोहोचतो, मारू शकतो, आणि मारत नाही. का, तर हा राजा सगळ्यांना एक करेल, युद्धं थांबतील. मग राजा त्यालाच बाणांनी मारण्याचा हुकूम सोडतो आणि त्याचा अंत्यसंस्कार वीराचा करतो. हे शौर्य आहे की शौर्याचं सरकारीकरण? आणि सगळं इतकं सुंदर की प्रश्न विचारायचं भानच राहत नाही. त्या सुंदर चौकटीत हजारो सैनिक एका सुरात गर्जतात, त्यासाठी चिनी सैन्यातलेच जवान घेतले होते. पुढे २००८ च्या पेइचिंग ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा याच दिग्दर्शकाने केला. मला 'हीरो' बघताना भीती वाटते.

याच कथेवर चन खायगचा 'द एम्परर अँड द असॅसिन' आहे. तो इतका देखणा नाही, पण त्यात राजाची क्रूरता लपलेली नाही.

टेकडीवरचा

+१. माझ्या मनात जे होतं ते तुम्ही नेमकं मांडलंत. मी रंगांवर अडकलो होतो, खरा प्रश्न रंग कोणाची चाकरी करताहेत हा आहे.

फ्रेममास्तर

इतिहासाचे_पान, आक्षेपात दम आहे, पण अर्धाच सिनेमा सांगितलात. सुलेखनाच्या शाळेचा प्रसंग घ्या. चिनचे बाण पावसासारखे छपरातून येताहेत. मुलं घाबरून उठतात. म्हातारे गुरुजी त्यांना बसवतात आणि लिहीत राहतात, लाल अक्षरं, बाण अंगाशेजारी रुततात तरी. बाण राज्य बुडवू शकतील, पण आमची अक्षरं पुसू शकणार नाहीत असं ते म्हणतात. हे तर त्याच सत्तेविरुद्धचं शौर्य आहे, तलवारीशिवायचं. आणि राजा पुढे काय ठरवतो? लिहिण्याच्या सगळ्या पद्धती मोडून एकच ठेवायची. सिनेमाने हे दोन्ही शेजारी ठेवलंय. शेवटची चौकट आठवा : भिंतीत घुसलेले हजारो बाण आणि मध्ये माणसाच्या आकाराची रिकामी जागा. ती जागा मला राजाचा जयजयकार वाटत नाही. ती पोकळी आहे.

इतिहासाचे_पान

शाळेच्या प्रसंगाबद्दल मान्य, तो सिनेमातला सर्वोत्तम भाग आहे. पोकळीबद्दल नाही. त्या पोकळीनंतर पडद्यावर येणारा मजकूर राजाने देश एक केला हेच सांगतो. शेवटचा शब्द ज्याचा, सिनेमा त्याचा.

दूरदेशी

मला या वादात होउ श्याओ-श्येनचा 'द असॅसिन' (२०१५) आणायचा आहे, कारण त्यातही मारेकरी आहे जी मारत नाही.

चीनमधल्या थांग राजघराण्याचा काळ. न्ये यिन-न्यांगला लहानपणी एका भिक्षुणीने नेऊन मारेकरी बनवलंय. सुरुवातीच्या कृष्णधवल भागात ती एका अधिकाऱ्याला मारायला जाते, त्याच्या कुशीत मूल आहे म्हणून परत येते. गुरू तिला शिक्षा म्हणून तिच्याच मामेभावाला, एके काळी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्यालाच, मारायला पाठवते. तो एका प्रांताचा सत्ताधीश.

मग दीड तास ती फक्त बघते. पडद्यांआडून, तुळयांवरून. एका प्रसंगात तो आपल्या आवडत्या स्त्रीला जुनी गोष्ट सांगतोय, त्यात यिन-न्यांगचाच उल्लेख आहे. कॅमेरा झिरझिरीत रेशमी पडद्यांमागे आहे, मेणबत्त्यांचा प्रकाश, पडदा सरकला की चेहरे स्पष्ट, परत आला की धूसर. काही वेळाने लक्षात येतं, आपण तिच्या डोळ्यांनी बघतोय. ती तिथेच उभी आहे आणि स्वतःबद्दल ऐकतेय. मार्क ली पिंग-बिंगचं छायाचित्रण, फिल्मवर, जवळपास चौकोनी चौकटीत.

शेवटी डोंगरकड्यावर ती गुरूला सांगते की मारणार नाही. खालून धुकं वर चढत कड्याला वेढतं, खरंखुरं धुकं, चित्रीकरणाच्या वेळी आलेलं. गुरू मागून हल्ला करते, दोन-चार हालचाली, गुरूच्या झग्याला एक चीर, आणि यिन-न्यांग चालत राहते. मग आरसे घासणाऱ्या एका परदेशी तरुणाला सोबत करायला दिलेलं वचन पाळायला ती निघून जाते.

आता दोन्ही शेजारी ठेवा. 'हीरो'मध्ये तलवार खाली ठेवणारा माणूस सत्तेच्या मोठ्या स्वप्नासाठी ठेवतो आणि मरतो. यिन-न्यांगही राजकीय परिणाम जाणते, हा मेला तर मुलं लहान आहेत आणि प्रांतात अनागोंदी माजेल असं ती म्हणतेच. पण त्यानंतर ती कोणाचीच राहत नाही. ना गुरूची, ना दरबाराची. तिला वीराचा अंत्यसंस्कार नको आहे.

अनुस्वार

दूरदेशी, काय सुरेख लिहिलंय! 'द असॅसिन'साठी होउला कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी तिथे 'अ टच ऑफ झेन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली होती. त्या दुरुस्तीला श्यू फंगनेच पैसा उभा केला. दोन तलवारधारी बायका, मध्ये चव्वेचाळीस वर्षं, एकाच महोत्सवात.

वऱ्हाडी_ठेचा

'द असॅसिन' म्या पाहाले बसलो होतो. अर्ध्या घंट्यात घरचे सारे झोपले. म्या जागा होतो, पण काय चालू हाये ते समजे ना. आता दूरदेशीताईचं वाचून पुन्हा लावतो. कोण कोणाचा कोण लागते हे आधी माईत असलं पायजे.

दूरदेशी

नक्की लावा. आधी नाती कागदावर लिहून घ्या, मग सिनेमा एकदम मोकळा होतो. आणि रात्री उशिरा नको, सकाळी बघा.

फ्रेममास्तर

सौंदर्य प्रश्न दाबून टाकतं, हा इतिहासाचे_पान यांचा आक्षेप मनात घोळतोय. त्यावर 'अ टच ऑफ झेन'मधलाच प्रसंग सांगतो. पडक्या गढीत भुतं आहेत अशी अफवा पसरवून नायकमंडळी रात्री शत्रूच्या तुकडीला सापळ्यात पकडतात. बाहुल्या, घंटा, दोऱ्या. योजना त्या भित्र्या चित्रकाराची. सकाळी तो आपल्या हुशारीवर खूश होऊन गढीतून फिरतो, एकेक यंत्र बघतो, खदखदून हसतो. आपणही हसतो. मग तो बाहेर येतो आणि प्रेतं दिसतात. एक, दोन, मग ओळीने. हसू चेहऱ्यावरच गोठतं. भिक्षू प्रेतं उचलताहेत. ती मुलगी निघून गेलेली आहे.

किंग हूने आधी आपल्याला युक्तीची मौज दिली, धुकं दिलं, चांदणं दिलं, आणि मग त्याची किंमत मोजायला लावली. म्हणजे देखणेपणाने प्रश्न दाबलेच पाहिजेत असं नाही. दिग्दर्शकाची इच्छा असेल तर तेच देखणेपण तुम्हाला पकडून प्रश्नापुढे उभं करतं. आणि शेवटी तो मठाधिपती, रॉय चियाओ, पोटात खंजीर खुपसला गेल्यावर रक्ताऐवजी सोनं वाहतं, डोक्यामागे सूर्य... मी ते समजावून सांगू शकत नाही. पण तोवर मारामारीचा विषयच उरलेला नसतो.

कथकवेडी

तो शेवट! मला कोणीतरी त्याबद्दल बोलावं असं धागा सुरू झाल्यापासून वाटत होतं.

मर्दानी_कोल्हापूर

झांग यिमूचाच 'शॅडो' (२०१८) कुणी पाहिला का? सगळा काळा-पांढरा-राखाडी, शाईनं काढल्यागत, आणि सारखा पाऊस. रंग नंतर काढून टाकलेले नाहीत, कपडे आणि नेपथ्यच तसं केलंय, म्हणून माणसांची कातडी आणि रक्त तेवढं खरं दिसतंय. त्यात पात्यांच्या छत्र्या आहेत. हत्यार म्हणून ते शक्य नाही हे मला कळतंय, तरी बाईच्या चालीनं छत्री फिरवून भाल्यासारख्या दाओचा जोर मोडायचा ही कल्पना खेळाच्या दृष्टीनं बरोबर आहे. आणि राजकारणाचं म्हणाल तर ह्यात राजा, सेनापती, तोतया सगळेच सडके. 'हीरो' बघून भीती वाटली त्यांनी हा बघावा.

इतिहासाचे_पान

पाहिला नाही. बघतो. शिफारशीबद्दल आभार.

शर्वरी_न

सगळ्यांचे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. तो अजून लाउ कार-ल्युंगच्या पक्षात आहे आणि टेकडीवरचा यांना नमस्कार सांगतोय.

माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. चर्चेनंतर माझं मत पक्कं झालंय, पण त्याला एक धार आलीय. देखणेपण शौर्य पातळ करत नाही. ते शौर्याला वेळ देतं, हे मी अजूनही म्हणेन. पण वेळ दिल्यावर त्या क्षणात कोण उभं आहे हे बघायला हवं. थेंब पुसणाऱ्या माणसासमोर हात आवरणं आणि सिंहासनासमोर हात आवरणं, या दोन्ही वेळी जेट ली तितकाच सुंदर दिसतो. पहिल्या वेळी तो एका माणसाचं दुःख ओळखून थांबतो. दुसऱ्या वेळी नकाशा बघून थांबतो. मला पहिल्याचं शौर्य मान्य आहे, दुसऱ्याबद्दल इतिहासाचे_पान यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. आणि यिन-न्यांग मुलाकडे बघून थांबते तेव्हा ती पहिल्याच्या बाजूला आहे.

पुढच्या रविवारी घरी 'अ टच ऑफ झेन' लावतोय, मध्यंतर करून.

टेकडीवरचा

भावाला माझाही नमस्कार. नकाशा आणि माणूस, हा फरक पटला. तरीही बादल्या वाहणाऱ्याला विसरू नका, तो थांबतही नाही आणि कोणाला मारतही नाही, निदान छत्तिसाव्या दालनातून बाहेर पडेपर्यंत.

वऱ्हाडी_ठेचा

मामाले उत्तर सांगतलं. ते म्हणे, "मंग घोड्याचं अंग हलकं करणं शिकवा." आता याचंई उत्तर द्या कोणीतरी.